साबण नव्हे असा साबण

मध्यम स्थितीतील एखाद्या एकत्र कुटुंबाच्या न्हाणीघरातील फळीकडे पाहिले की त्या घरातील तिन्ही पिढ्यांचा पत्ता लागतो. एका कोपऱ्यात शिकेकाईचा डबा असतो. त्याच्या शेजारी वाण्याच्या यादीतून डझनावारी आलेली, सर्वांना सामाईक अशी साबणाची वडी असते. आणि वरच्या अंगाला, पाण्याचे शिंतोडे उडू नयेत अशा बेताने ठेवलेली एक पांढरी, गुळगुळीत व महाग वडी असते. ही बहुधा कॉलेजात जाणाऱ्या मुलीची असून तिला इतरांनी हात लावू नये असा अलिखित दंडक असतो. वडीलधारी मंडळी तिला ‘केमिकलचा साबण’ म्हणून नावे ठेवतात; मुलगी म्हणते, हा मुळी साबणच नव्हे. या वादात मुलीचे म्हणणे अक्षरशः खरे आहे, आणि ते कसे, हे सांगण्याकरिता आम्ही या महिन्याचे पान खर्ची घालीत आहो. मात्र त्या वडीची खरी गरज घरात ज्यांना आहे त्यांत या मुलीचा नंबर शेवटचा लागेल, हेही आम्हांस त्याबरोबरच सांगावयाचे आहे.

प्रथम साबण म्हणजे काय ते पाहू. खोबरेल, पाम तेल, चरबी यांपैकी कोणताही स्निग्ध पदार्थ कॉस्टिक सोड्याबरोबर शिजविला म्हणजे त्यातील वसाम्लांचा सोड्याशी संयोग होऊन साबण बनतो व ग्लिसरीन सुटे होते. साबणाच्या रेणूची घडण मोठी मौजेची आहे. त्याच्या लांबलचक शेपटाला पाण्याचा तिटकारा व तेलाची आवड असते. उलट त्याच्या डोक्याला पाण्याची ओढ असते. अंगावरचा मळ बहुतांशी तेलात मुरलेला असल्यामुळे नुसत्या पाण्याने तो हलत नाही. साबणाची शेपटे त्या तेलात रुततात, डोकी पाण्याकडे राहतात, आणि तेलाचा कण चहूबाजूंनी वेढला जाऊन पाण्याबरोबर वाहून जातो. हा दुतोंडी स्वभाव ज्या ज्या पदार्थाच्या ठिकाणी आहे त्याला शास्त्रीय परिभाषेत पृष्ठक्रियाकारक असे नाव आहे. आम्ही येथे ‘प्रक्षालक’ हा सुटसुटीत शब्द वापरू. साबण हा प्रक्षालकांपैकी एक, सर्वांत जुना व सर्वांत स्वस्त. परंतु प्रत्येक प्रक्षालक हा साबण नसतो.

साबणाच्या अंगी दोन दोष जन्मजात आहेत. पहिला त्याच्या अल्कधर्माचा. अम्लता व अल्कता मोजण्याच्या मापाला मराठीत ‘सामू’ म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ धरतात. त्याखाली उतरावे तसे अम्ल, वर चढावे तसे अल्क. साबणाच्या पाण्याचा सामू ९ ते १० च्या घरात असतो, आणि त्यातील अल्क अजिबात काढून टाकू म्हटले तर साबण साबणच राहात नाही, त्याची पुन्हा वसाम्ले होतात. ही गोष्ट पडताळून पाहण्यास प्रयोगशाळा नको. हळदीचा डाग पडलेले लुगडे साबणाने धुवावयास घेतले की तो डाग लालभडक होतो, हे आमच्या वाचकभगिनींना आम्ही नव्याने सांगावयास नको. अल्काशी गाठ पडली की हळद तांबडी होते. हळदीचे कुंकू होते ते याच गुणामुळे. तेव्हा पांढऱ्या सुती फडक्याचे दोन तुकडे हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवावे. एकावर घरातील नेहमीची वडी ओली करून घासावी, दुसऱ्यावर ती पांढरी महाग वडी घासावी. पहिला तुकडा क्षणार्धात कुंकवाच्या वळणावर जाईल. दुसरा पिवळाच राहील. ज्यांना शास्त्रीय चर्चेचा कंटाळा आहे त्यांनी हा एवढा प्रयोग केला तरी आमचे निम्मे काम झाले.

दुसरा दोष पाण्याच्या निमित्ताने प्रकट होतो. ज्या पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात त्याला आपण जड पाणी म्हणतो. शास्त्रकारांनी त्याला ‘दुष्फेन’ असे मोठे समर्पक नाव दिले आहे. अशा पाण्यात साबणाचा फेस होण्याऐवजी चुन्याशी त्याचा संयोग होऊन न विरघळणारा एक चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला धरणारा पांढुरका थर तो हाच. तोच थर अंगावर व केसांवरही बसतो. केस राठ व निस्तेज होतात, अंग ओढल्यासारखे वाटते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, व दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे, असे आहे. विंधनविहिरीच्या किंवा टँकरच्या पाण्यावर ज्यांचे स्नान चालते त्यांना हे आकडे न पाहताही हा जडपणा ठाऊक असतो.

आता ज्या कातडीवर हे सारे चालते तिच्याविषयी. त्वचेचा अगदी वरचा थर निर्जीव पेशींचा असतो. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाहून अधिक नसते. पण देहातील ओलावा आत राखणे व बाहेरचे विष बाहेर ठेवणे ही दोन्ही कामे तोच करतो. विटांच्या भिंतीची उपमा त्याला शास्त्रज्ञांनीच दिली आहे: पेशी या विटा, आणि त्यांच्या फटी भरून काढणारा स्निग्ध लेप हा चुना. या भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग किंचित अम्ल असतो. त्याचा सामू सामान्यतः ५ च्या आसपास. शाडे व मार्खिओनीनी या दोघा जर्मन वैद्यकशास्त्रज्ञांनी १९२८ साली या अम्लतेला ‘अम्लाचे प्रावरण’ असे नाव दिले, ते आजही चालते. साबण या भिंतीवर तीन तऱ्हांनी आघात करतो. तो मळाच्या तेलाबरोबर फटींतील लेपही काही अंशी ओढून नेतो. पेशींतील प्रथिनांना चिकटून त्यांना फुगवितो. आणि अम्लाच्या प्रावरणाचा काही तासांपुरता भंग करतो. निरोगी तरुण कातडी हे नुकसान दुसऱ्या दिवसाच्या स्नानापूर्वी भरून काढते. एरव्ही शतकानुशतके साबण लावून माणसे सुखरूप राहिली नसती.

साबणाला पर्याय शोधण्याची निकड प्रथम लागली ती मात्र कोणाच्या नाजूक कातडीमुळे नव्हे. ती लागली युद्धामुळे व कापडामुळे. १९१४–१८ च्या महायुद्धात जर्मनीत तेल-चरबीचा असा दुष्काळ पडला की खाण्यास पुरेना तेथे साबणास कोठून आणावी? १९१७ साली बीएएसएफ या कारखान्यात फ्रिट्झ ग्युंथर यांनी कोळशाच्या डांबरातील नॅफ्थॅलीनपासून ‘नेकाल’ नावाचा प्रक्षालक सिद्ध केला. तो कापड भिजविण्यास उत्तम, मळ काढण्यास बेताचा निघाला. परंतु वाट सापडली. कापडाच्या गिरण्यांना तर जड पाण्यातील त्या साक्याने जेरीस आणले होते. साका धाग्यावर बसला की रंग सारखा चढत नसे. १९३० च्या सुमारास आय. जी. फार्बेन या अवाढव्य जर्मन संस्थेच्या रसायनज्ञांनी ‘इगेपॉन ए’ नावाचा पदार्थ बाजारात आणला. वसाम्लाचे शेपूट तेच ठेवून त्यांनी त्याला साबणाच्या डोक्याऐवजी आयसेथायॉनिक नावाच्या अम्लाचे डोके जोडले. या नव्या डोक्याचे चुन्याशी वैर नव्हते. जड पाण्यातही साका धरेना. पण गिरणीत त्याचा निभाव लागला नाही. शेपूट आणि डोके यांना जोडणारा सांधा नाजूक होता. गिरणीच्या कढत अल्कयुक्त द्रावणात तो तुटू लागला, आणि ‘इगेपॉन टी’ या बळकट सांध्याच्या भावंडाने त्याची जागा घेतली. (ही संस्था पुढे नाझी राजवटीच्या घोर अत्याचारांत सहभागी झाली हे जगजाहीर आहे. शास्त्राचा इतिहास धुतल्या तांदळासारखा नसतो, अगदी धुण्याच्या शास्त्राचादेखील.)

गिरणीने टाकलेला हा पदार्थ न्हाणीघरात कामी आला. स्नानाचे पाणी कढत खरे, पण त्यात अल्क नसते. तेथे नाजूक सांध्याचे काही बिघडत नाही. इगेपॉनच्या शेपटासाठी ओलेइक अम्ल वापरीत. त्याऐवजी खोबरेल तेलातील वसाम्ले घेतली की जो पदार्थ मिळतो त्याचे नाव सोडियम कोकॉइल आयसेथायोनेट. नाव जिभेवर वळत नाही, पण त्यातील ‘कोको’ म्हणजे आपला नारळ. खोबरेलातील वसाम्लांपैकी जवळजवळ निम्मे लॉरिक अम्ल असते, आणि चांगल्या दाट फेसाचे श्रेय बरेचसे त्याला आहे. लिव्हर ब्रदर्स कंपनीने अमेरिकेत १९५७ साली ‘डव्ह’ नावाची वडी काढली तिचा मुख्य प्रक्षालक हाच. तिचा सामू ७ च्या आसपास. अशा वड्यांना इंग्रजीत ‘सिन्डेट’ म्हणतात. आम्हांस ‘साबणविरहित वडी’ हे नाव पुरेसे वाटते.

ही वडी सौम्य आहे हे कंपनीने म्हणणे वेगळे आणि ते सिद्ध होणे वेगळे. १९७९ साली फ्रॉश व क्लिग्मन या दोघा त्वचारोगतज्ज्ञांनी बाजारातील १८ नामांकित साबणांची परीक्षा घेतली. प्रत्येकाचे शेकडा ८ प्रमाणाचे द्रावण लहानशा वाट्यांतून माणसांच्या हाताच्या आतल्या बाजूस पाच दिवस लावून ठेवले, आणि कातडी किती लाल होते, किती सुटते व किती भेगाळते ते पाहिले. साबणासाबणांत एवढे अंतर असेल असे पूर्वी कोणाच्या स्वप्नीही नव्हते. आणि सर्वांत सौम्य ठरली ती डव्ह. याच क्लिग्मनसाहेबांनी १९५१ पासून १९७४ पर्यंत फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांच्या कातडीवर जे प्रयोग चालविले ते आज वैद्यकातील अनाचाराचे उदाहरण म्हणून शिकविले जातात, हेही येथे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. त्यांची साबणाची चाचणी मात्र इतरांनी पुढे वारंवार करून पाहिली व ती टिकली.

सौम्यतेचे कारण काय? एक तर सामू. पण तेवढ्याने भागत नाही, कारण सामू ७ असलेलेही काही प्रक्षालक भयंकर खरखरीत आहेत. सोडियम लॉरिल सल्फेट हे त्यांतले अग्रगण्य; त्वचेचा दाह मुद्दाम घडवून आणावयाचा असेल तेव्हा संशोधक तेच वापरतात. दुसरे कारण असे की, कोकॉइल आयसेथायोनेटचे डोके प्रथिनांना कमी घट्ट चिकटते, त्यामुळे पेशी कमी फुगतात. तिसरे कारण २००७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणसंस्थेतील ब्लँकस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या कातडीवर प्रयोग करून पुढे मांडले. प्रक्षालकाचे रेणू पाण्यात सुटे न राहता शेपटे आत व डोकी बाहेर करून पुंजके बांधतात. लॉरिल सल्फेटचे पुंजके त्वचेच्या सूक्ष्म रंध्रांतून आत शिरण्याइतके लहान असतात. आयसेथायोनेटचे पुंजके त्या मानाने थोर असल्यामुळे दाराशीच अडतात. आम्हांस हे स्पष्टीकरण फार पटले. आत घुसू न शकणारा पाहुणा नुकसान तरी किती करणार?

येथे वडील मंडळींचा आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे. त्यांचे म्हणणे असे की, शिकेकाई, रिठे, मसूर-हरभऱ्याचे पीठ, उटणे ही आपली नैसर्गिक द्रव्ये सोडून या कृत्रिम वस्तूंच्या नादी लागावेच कशाला? आम्ही शिकेकाईचे चाहते आहो. तिच्यातील व रिठ्यातील फेसाळ द्रव्य, ज्याला सॅपोनिन म्हणतात, तेही एक प्रक्षालकच असून त्याचा झुकाव किंचित अम्लाकडे आहे. म्हणजे सामूच्या बाबतीत आपल्या आज्या साबणवाल्यांच्या कितीतरी पुढे होत्या. जरतारी व रेशमी वस्त्रे रिठ्याच्याच पाण्यात धुवावी हा जुना संकेतही याच कारणाने योग्य ठरतो. परंतु नैसर्गिक म्हणजे सौम्य, हे समीकरण आम्हांस मान्य नाही, आणि त्याचा पुरावा ज्याच्या त्याच्या बालपणात आहे. डोळ्यांत शिकेकाई गेल्यावर दिवाळीच्या पहाटे ज्याने टाहो फोडला नसेल असा माणूस महाराष्ट्रात विरळा. डाळीच्या जाडसर पिठाने घासून तान्ह्या मुलाची कातडी लाल केलेलीही आपण सर्वांनी पाहिली आहे.

उलट ‘कृत्रिम’ या शब्दाच्या पोटात काय आहे तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हा पदार्थ निम्मा नारळाचा, निम्मा खनिज तेलाचा. त्याचे डोके बनते ते इथिलीन ऑक्साइड नावाच्या विषारी वायूपासून व गंधकाच्या एका क्षारापासून. हे ऐकून दचकण्याचे कारण नाही. कॉस्टिक सोडा हातावर पडला तर कातडे जळते, तरी त्यापासून झालेल्या साबणात तो सोडा म्हणून उरत नाही, तसेच येथेही. सौंदर्यद्रव्यांच्या घटकांची छाननी करणाऱ्या अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने १९९३ साली असा निर्णय दिला की, लावून धुऊन टाकावयाच्या वस्तूंत हा पदार्थ शेकडा ५० पर्यंत, व अंगावर तसाच राहू द्यावयाच्या वस्तूंत शेकडा १७ पर्यंत निर्धोक आहे. या दोन आकड्यांतील अंतर ध्यानात घ्यावे. कोणताही प्रक्षालक, मग तो कितीही सौम्य असो, मिनिटभर लावून स्वच्छ धुवावयाचा असतो. तो अंगावर वागविण्याचे लेणे नव्हे. नदीनाल्यांत गेल्यावर जंतू त्याचे लवकर विघटन करतात, हीही त्याच्या जमेची बाजू.

आणखी एक शंका आमच्या वाचकवर्गात अजूनही क्वचित विचारली जाते, ती चरबीची. विलायती साबणांत चरबी असते या कारणास्तव एके काळी कित्येक घरांत तो सोवळ्याला चालत नसे, आणि १९२० च्या सुमारास गोदरेज यांनी केवळ वनस्पतिजन्य तेलांचा साबण काढला तेव्हा अशा घरांची मोठी सोय झाली. वेष्टनावरील यादीत ‘टॅलोएट’ असा शब्द असेल तर तो चरबीचा समजावा. ‘कोकॉइल’ हा नारळाचा. मात्र साबणविरहित वडीत बांधणीसाठी स्टिअरिक अम्ल घालतात. ते वनस्पतीचेही असू शकते, प्राण्याचेही. ज्यांना ही गोष्ट महत्त्वाची वाटते त्यांनी तेवढी चौकशी करून घ्यावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या वड्यांच्या जाहिरातींत बहुधा तरुण, तुकतुकीत चेहरेच दिसतात. वस्तुतः वीस वर्षांच्या निरोगी कातडीला ही वडी नसली तरी चालते. नडते ते साठी-पासष्टी उलटलेल्यांचे. वय झाले की कातडीतील तेलाचे पाझर आटतात, भिंतीचा लेप विरळ होतो, आणि एकदा गेलेला स्निग्धांश भरून यावयास तरुणापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. पौष-माघाच्या कोरड्या थंडीत घरातील आजी किंवा आजोबा रात्र रात्र नडग्या व पाठ खाजवीत बसतात. पांघरुणावर कोंडा पडतो, खाजवून रक्त निघते, झोप जाते. घरचे लोक रक्त बिघडले म्हणतात, अंगात उष्णता झाली म्हणतात. कोणी कडुनिंबाचा पाला उकळतो, कोणी खाण्यातील वांगे बंद करतो. आणि आजी बिचारी, खाज म्हणजे मळ अशा समजुतीने, दुसऱ्या दिवशी कढत पाण्याने व तिखट साबणाने आदल्या दिवसापेक्षा अधिक जोराने अंग घासते. दुखण्याचे कारणच औषध म्हणून वापरले जाते ते असे. फळीच्या वरच्या अंगाची ती वडी त्यांच्या हाती द्यावयाची, तर ती त्यांच्या दृष्टीने ‘पोरींची चैन’; स्वतःसाठी ती मागण्याची त्यांना लाज वाटते, आणि आपणहून ती देण्याचे दुसऱ्या कोणास सुचत नाही.

आमचे सांगणे असे की, अशा व्यक्तीचे स्नान कोमट पाण्याने व थोडक्यात व्हावे. साबणविरहित वडी काखा, जांघा, पावले एवढ्यापुरती लावावी; हातापायांवर व पाठीवर रोज काही लावण्याची गरजच नसते. अंग टिपून ते ओलसर आहे तोच हलक्या हाताने खोबरेल किंवा साधे व्हॅसलीन चोळावे. ओलावा आतच कोंडला जातो. पण मग न्हाणीघराच्या निसरड्या फरशीवर तेलाचे पाय पडू देऊ नयेत, इतकी सावधगिरी ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत उतार न पडल्यास डॉक्टरांस दाखविलेच पाहिजे, कारण मूत्रपिंड, यकृत, मधुमेह, थायरॉइड यांच्या विकारांतही खाज सुटते. आणि घरातील एकाहून अधिक माणसांना रात्री खाज सुटत असेल तर ती खरूज समजून सर्वांनी एकदम उपचार घ्यावे. तेथे कोणतीही वडी उपयोगी पडणार नाही.

दुसरा क्रमांक आम्ही ज्या गृहिणीचे हात सकाळपासून रात्रीपर्यंत पाण्यात असतात तिला देऊ. भांडी घासण्याची पावडर, कपड्यांचा साबण, मग हात धुण्यासाठी मोरीवर पडलेला तोच भांड्यांच्या साबणाचा तुकडा, असा दिवसातून वीस वेळा प्रसंग आला की बोटांच्या पेरांना भेगा पडतात व पुढे इसबाचा जन्म होतो. मोरीपाशी चार पैसे अधिक किंमतीच्या वडीचा एक तुकडा ठेवणे, हे त्या भेगांवर नंतर लावावयाच्या मलमापेक्षा स्वस्त पडते. तिसरा क्रमांक तान्ह्या मुलांचा, व ज्यांना जन्मतःच कोरडी, इसबाळ कातडी लाभली आहे अशांचा. तान्ह्याला तर पहिले काही दिवस नुसते कोमट पाणीच पुरे.

खरेदी करताना फसगत होऊ नये म्हणून दोन शब्द. आपल्याकडे साबणाची प्रत एकूण स्निग्धांशावरून ठरवितात, ज्याला टीएफएम म्हणतात. मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात तो शेकडा ७६, दुसऱ्यात ७०, तिसऱ्यात ६० हून कमी नसावा, आणि ‘बेदिंग बार’ या नावाने विकल्या जाणाऱ्या वडीत ४० असला तरी चालतो. हा आकडा साबणात भरताड किती आहे ते सांगतो. सौम्यता सांगत नाही. ७६ स्निग्धांशाचा उत्तम साबणही आमच्या हळदीच्या फडक्याला तांबडे केल्याशिवाय राहणार नाही. म्हणून आकडा न पाहता घटकांची यादी पाहावी. अधिक प्रमाणातील घटक यादीत आधी येतो. सोडियम कोकॉइल आयसेथायोनेट अगदी आरंभी असेल तर वडी खरी, आणि सोडियम पाल्मेट किंवा पाम कर्नलेट आरंभी असून हे नाव शेवटी कोठे दडले असेल तर ती सुगंधी साबणाची वडी, मग वेष्टनावर दुधाचे कितीही थेंब चितारलेले असोत. सामूचा अंक मात्र हल्ली जाहिरातींत नको तितका गाजतो. जानेवारी २०२१ मध्ये साडेपाच सामूच्या सेबामेड वडीच्या जाहिरातींवरून हिंदुस्थान युनिलिव्हर कंपनी थेट मुंबई उच्च न्यायालयात गेली होती, आणि त्या निमित्ताने पुष्कळ लोकांनी सामू हा शब्द आयुष्यात प्रथमच ऐकला. आमच्या मते साडेपाच आणि सात यांत भांडण लावण्यासारखे थोडे आहे. सात आणि दहा यांतले अंतर मोठे.

ज्या भगिनी घरगुती उद्योग म्हणून केस धुण्याच्या घट्ट वड्या करून विकतात त्यांच्यासाठी एक सूचना. हा पदार्थ बाजारात भुकटीच्या किंवा बारीक शेवयांच्या रूपात मिळतो. भुकटी हवेत उडाली की घशात व डोळ्यांत फार झोंबते. तेव्हा नाकातोंडास फडके बांधून, पंखा बंद करूनच ती हाताळावी. थंड पाण्यात ती सहज विरघळत नाही, मंद आचेवर धीराने मळावी लागते. आणि लिंबाचा रस किंवा सोडा सढळ हाताने घालण्याचा मोह टाळावा, कारण ज्या नाजूक सांध्याची गोष्ट वर सांगितली तो फार अम्लाने व फार अल्काने, दोहोंनीही तुटतो.

किंमतीचा प्रश्न उरतो. ही वडी साध्या साबणाच्या कित्येक पट महाग पडते, त्यातून पाण्यात बसली तर दोन दिवसांत तिचा लगदा होतो. घरातील सर्वांनी ती वापरावी असे आमचे म्हणणे नाही. सामाईक वडी सामाईकच राहू द्यावी. आजींसाठी म्हणून जी आणाल तिचे कोरडी असतानाच सुरीने दोन भाग करावे, अर्धा भाग वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवावा, आणि उरलेला अर्धा पाणी निथळेल अशा जाळीच्या साबणदाणीत, त्यांचा हात सहज पोहोचेल इतक्या खालच्या फळीवर ठेवावा.